खिदिरपूर कसे पाहावे? एका बंदर-वस्तीच्या अभ्यासभेटीचे नियोजन



या टिपणात आपण कोलकात्यातील खिदिरपूर या भागाच्या अभ्यासभेटीची आखणी करणार आहोत. तुम्ही इतिहासाचे, भूगोलाचे किंवा अभियांत्रिकीचे विद्यार्थी असाल. कोलकात्याला कधी जाल किंवा जाणारही नाही. तरीही हे टिपण उपयोगी पडावे, कारण इथे शिकायची गोष्ट एकच आहे: ज्या जागेची तयार 'प्रेक्षणीय स्थळांची यादी' मिळत नाही, ती जागा पाहायची कशी?

१. यादी कोण करते?

ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग हे आल्प्सच्या कुशीतले जुने शहर घ्या. तिथे जायचे ठरवले तर फारसा विचार करावा लागत नाही. टेकडीवर ११व्या शतकात पाया घातलेला किल्ला आहे. १७५६ साली मोत्सार्टचा जन्म झाला ते घर आहे. कॅथेड्रल आहे, राजवाडा आहे. १९९६ पासून हे जुने शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दोन दिवसांचा कार्यक्रम आपोआप तयार होतो. पण या शहराच्या नावाचाच अर्थ 'मिठाचा किल्ला' असा आहे. आर्चबिशपांचे वैभव डोंगरातील मिठाच्या खाणींवर आणि साल्झाख नदीतून होणाऱ्या मिठाच्या वाहतुकीवर उभे होते. आपण पाहतो ते आर्चबिशपांनी बांधलेले. मीठ खणणारे आणि होडीत चढवणारे लोक यादीत आले तर शेवटी येतात.

खिदिरपूरमध्ये हा प्रश्न आणखी तीव्र होतो. हुगळीच्या पूर्व काठावर, फोर्ट विल्यमच्या दक्षिणेला असलेला हा भाग अडीचशे वर्षे जहाजांशी बांधलेला आहे. इथून माल गेला, माणसे गेली, खलाशी गेले. इथे घडलेला मोठा इतिहास 'निघून जाण्याचा' आहे, आणि निघून गेलेली माणसे मागे इमारती ठेवत नाहीत. म्हणून नुसते डोळ्यांना दिसेल ते पाहिले, तर ज्यांच्याकडे भिंती बांधायला पैसा होता त्यांचाच इतिहास दिसेल: राजा, नवाब आणि कंपनी. उरलेल्यांसाठी नकाशा, नाव, नोंदवही आणि थोडे तर्कशास्त्र लागते. ही तयारी घरून निघण्यापूर्वीच करायची असते.

२. निघण्यापूर्वी: नावाची तपासणी

कुठल्याही जागेचा पहिला पुरावा म्हणजे तिचे नाव. खिदिरपूरचे इंग्रजी रूप 'किडरपोर'. या नावाबद्दल एक कथा पक्की रुजली आहे. इथे किड नावाच्या इंग्रजाने जहाजबांधणीचा कारखाना काढला, म्हणून 'किडपूर', त्याचे झाले किडरपोर. किड घराणे खरेच होते. कर्नल रॉबर्ट किड याच्या पुढाकाराने १७८७ मध्ये नदीपलीकडे शिबपूरचे वनस्पती उद्यान उभे राहिले. याच घराण्यातील जेम्स किड याने १९व्या शतकाच्या सुरुवातीला खिदिरपूरला जहाजे बांधली. ७४ तोफांचे 'हेस्टिंग्ज' हे लढाऊ जहाज १८१८ साली इथूनच पाण्यात उतरले. माणसे खरी, कारखाना खरा, त्यामुळे कथा सहज पटते.

पण हेन्री यूल या अभ्यासकाला एक जुना सागरी नकाशा सापडला. १७११ सालच्या 'इंग्लिश पायलट' या नौकानयन ग्रंथातील त्या नकाशात सुतानुटी, त्याखाली गोविंदपूर आणि त्याखाली याच ठिकाणी 'किथेरेपोर' असे गाव दाखवले आहे. १७११ साली रॉबर्ट किडचा जन्मही झालेला नव्हता. म्हणजे गावाचे नाव किडवरून पडलेले नाही. किड त्या गावात नंतर आला, आणि दोन नावांचा उच्चार योगायोगाने जुळला. यूल स्वतः आधी किडची कथाच खरी मानत होता. पुरावा हाती आल्यावर त्याने मत बदलले, आणि तसे 'हॉब्सन-जॉब्सन' या आपल्या कोशात नोंदवले.

मग 'खिदिर' म्हणजे काय? ख्वाजा खिज्र हे पाण्याशी आणि प्रवाशांच्या रक्षणाशी जोडलेले संत मानले जातात. बंगालमध्ये नावाडी त्यांचे नाव घेत. मुर्शिदाबादला त्यांच्या नावाने भागीरथीत दिवे लावलेले तराफे सोडण्याचा बेरा उत्सव प्रसिद्ध आहे. नदीकाठच्या गावाला हे नाव शोभते. मात्र ध्यानात घ्या, 'शोभते' हा पुरावा नव्हे. १७११ चा नकाशा एवढेच सिद्ध करतो की नाव किडच्या आधीचे आहे. खिज्रशी लावलेला संबंध हे अनुमान आहे. तुमच्या वहीत 'पुरावा' आणि 'अनुमान' असे दोन रकाने असायला हवेत.

हाच नियम दुसऱ्या एका दाव्याला लावून पाहा. २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेड ते खिदिरपूर अशी विजेवर चालणारी ट्राम सुरू झाली. ही कोलकात्यातील पहिली विद्युत ट्राम. पण अनेक ठिकाणी ती 'आशियातील पहिली' म्हणून सांगितली जाते. जपानमधील क्योतो आणि आपल्याकडचे मद्रास, या दोन्ही शहरांत विद्युत ट्राम १८९५ सालीच धावू लागली होती. मुंबईत ती १९०७ मध्ये आली. तेव्हा कोलकात्याची ट्राम मुंबईच्या आधीची, पण मद्रासच्या नंतरची. शहराचा अभिमान आणि शहराचा कालक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३. भेटीचा मार्ग: पाण्याच्या बाजूने

खिदिरपूर पाहायला रस्त्यांपेक्षा पाण्याचा आधार घेतलेला बरा. नाला, घाट, गोदी आणि पुन्हा नदी असा क्रम ठेवा. म्हणजे एकेका काळाचा थर ओळीने समोर येतो.

*पहिला थांबा: टॉलीचा नाला.* खिदिरपूरच्या पुलावरून खाली दिसणारा पाण्याचा अरुंद, गढूळ पट्टा पाहून गटार वाटण्याचा संभव आहे. ही आदिगंगा, म्हणजे गंगेचा जुना प्रवाह. कालीघाटचे मंदिर याच्याच काठी आहे. मुख्य प्रवाह हुगळीच्या सध्याच्या पात्रातून वाहू लागल्यावर हा फाटा गाळाने भरला. १७७५ ते १७७७ या काळात मेजर विल्यम टॉली याने तो पुन्हा खणला आणि पूर्वेकडील खाड्यांशी जोडला. बदल्यात त्याला जाणाऱ्या-येणाऱ्या नावांवर जकात घेण्याचा अधिकार मिळाला. टॉलीगंज हे नाव त्याचेच. सुंदरबनाकडून आणि पूर्व बंगालकडून येणारा माल या वाटेने कोलकात्यात येई. नाला हुगळीला मिळतो त्या तोंडाशी खिदिरपूर आहे. वस्ती इथे का वाढली, याचे पहिले उत्तर या पुलावर उभे राहिल्यावर मिळते.

*दुसरा थांबा: वॉटगंज.* या मोहल्ल्याचे नाव कर्नल हेन्री वॉटसन याच्यावरून पडले. वॉटसनने १७८०च्या सुमारास इथे जहाजबांधणीची गोदी काढली. त्याचे 'नॉनसच' हे जहाज १७८१ मध्ये तयार झाले. नंतर याच परिसरात किडचा कारखाना चालला. आज त्या कारखान्याचा मागमूस दिसणार नाही, नाव मात्र टिकले आहे. मराठी वाचकांनी इथे मुंबईच्या वाडिया घराण्याची आठवण ठेवावी. मुंबईत मलबारचे सागवान येत असे आणि पारशी कारागिरांच्या पिढ्या जहाजे बांधत. कलकत्त्याला सागवान मुख्यतः ब्रह्मदेशातून येई. दोन्ही बंदरांतली जहाजबांधणी एकाच कारणाने उताराला लागली. लाकूड आणि शीड यांच्या जागी लोखंड आणि वाफ आली, आणि ते तंत्र व भांडवल इंग्लंडमध्ये होते.

*तिसरा थांबा: भूकैलास.* वॉटसनच्या गोदीच्या काळातच, १७८१-८२च्या सुमारास, घोषाल घराण्यातील जयनारायण घोषाल यांनी इथे राजवाडा, तळे आणि दोन शिवमंदिरे उभारली. रक्तकमलेश्वर आणि कृष्णचंद्रेश्वर अशी त्या शिवलिंगांची नावे असून, माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर जाणारी ती लिंगे पाहण्यासाठीच अनेक लोक येतात. घोषालांची संपत्ती कंपनी सरकारच्या व्यवहारातून आली. जयनारायण यांचे चुलते गोकुळचंद्र हे गव्हर्नर व्हेरेल्स्टचे दिवाण होते. जयनारायण यांनीच पुढे काशीला शाळा काढली. मंदिराची वास्तू पाहताना हा प्रश्न विचारा: कंपनीच्या दिवाणखान्यातला पैसा देवळात आणि शाळेत का गेला? नव्या श्रीमंताला प्रतिष्ठा कशातून मिळत होती? महाशिवरात्रीला इथे गर्दी असते. शांतपणे पाहायचे असेल तर तो दिवस टाळा. लोक जागा कशी वापरतात हे पाहायचे असेल तर नेमका तोच दिवस निवडा.

याच खिदिरपुरात मायकेल मधुसूदन दत्त यांच्या वडिलांचे घर होते. वडील राजनारायण कलकत्त्यात वकिली करत. १८४३ मध्ये मधुसूदनांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा ते अवघे १९ वर्षांचे होते. रंगलाल बंदोपाध्याय आणि हेमचंद्र बंदोपाध्याय या कवींचेही खिदिरपूरशी नाते आहे. कोणी एखादे घर दाखवून 'हेच ते' म्हणाले, तर आदराने ऐका आणि 'हे कोणत्या कागदावरून ठरले?' असे जरूर विचारा.

४. गोदी समजून घेताना

*चौथा थांबा: गोदी आणि पूल.* बंदराच्या कुंपणाच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही. महाविद्यालयामार्फत बंदर प्रशासनाला आधी पत्र लिहावे. परवानगी मिळाली नाही तरी गार्डन रीचकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हलते पूल बाहेरून दिसतात. त्यातील उचलता पूल १९६०च्या दशकातला आहे. जहाज गोदीच्या एका भागातून दुसऱ्या भागात जायचे असले की रस्त्याचा तुकडा उचलला जातो आणि दोन्ही बाजूंची वाहने थांबतात. इथे थोडा वेळ काढा. शहराच्या वाहतुकीपेक्षा जहाजाला मान देणारी जागा रोज पाहायला मिळत नाही. फोटो काढण्यापूर्वी मात्र तिथल्या सुरक्षा रक्षकांना विचारा.

आता यामागचे तंत्र. कोलकाता समुद्राकाठी नाही. खुल्या समुद्रापासून जहाजाला दोनशे किलोमीटरहून अधिक नदीतून यावे लागते. या वाटेत वाळूचे दांडे आहेत. दामोदर जिथे हुगळीला मिळते त्या भागातील 'जेम्स अँड मेरी' नावाचा दांडा १६९४ साली तिथे बुडालेल्या जहाजाच्या नावाने ओळखला जातो. शिवाय नदीला भरती-ओहोटी आहे. पाण्याची पातळी दिवसातून दोनदा काही मीटर चढते आणि उतरते. मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राकडून पाण्याची भिंत उलटी वर चढत येते. त्याला बंगालीत 'बान' म्हणतात.

अशा नदीत काठाला जहाज बांधून माल उतरवणे अवघड. बराच काळ जहाजे मध्यावर नांगरून लहान नावांनी माल आणला जाई. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळात बंदरातील बहुतेक जहाजांचे नुकसान झाले. काही तर नांगर तुटून काठावर जाऊन आदळली. १८७० मध्ये बंदराचा कारभार पोर्ट कमिशनर या मंडळाकडे आला, आणि पुढे खिदिरपूरला बंदिस्त गोदी बांधायचे ठरले. ती १८९२ मध्ये सुरू झाली.

बंदिस्त गोदी म्हणजे काय? जमीन खोदून मोठा तलाव करायचा. नदी आणि तलाव यांच्यामध्ये दोन टोकांना दरवाजे असलेली एक लांब खोली ठेवायची. जहाज नदीकडून खोलीत शिरले की नदीकडचा दरवाजा बंद होतो. मग खोलीतले पाणी तलावाच्या पातळीला आणतात. पातळी सारखी झाली की आतला दरवाजा उघडतो. बाहेर ओहोटी असली तरी तलावातले जहाज तरंगत राहते, आणि माल सावकाश उतरवता येतो. मुंबईची प्रिन्सेस गोदी (१८८०) आणि व्हिक्टोरिया गोदी (१८८८) याच पिढीतल्या.

खिदिरपूरच्या या प्रवेश-खोलीची लांबी सुमारे १७७ मीटर आणि रुंदी सुमारे २४ मीटर आहे. १८९२ सालच्या जहाजांना ती प्रशस्त होती. आजची सर्वांत मोठी कंटेनर जहाजे ४०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद असतात. ती इथे येऊच शकत नाहीत. एकदा दगडात बांधलेले माप पुढच्या शंभर वर्षांच्या व्यापाराला मर्यादा घालते, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कायमचे लक्षात ठेवावे. गाळाचा प्रश्न सोडवण्यासाठी फराक्का येथे बांध घालून गंगेचे पाणी हुगळीत वळवण्यात आले (१९७५), आणि समुद्राच्या जवळ हल्दियाला नवी गोदी झाली (१९७७). मुंबईच्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या तर अलीकडे भरून टाकण्यात आल्या. खिदिरपूरची गोदी अजून चालते आहे. म्हणून ही भेट एका चालू कारखान्याची भेट आहे हे विसरू नका.

गोदीच्या इतिहासातील एक दिवस पाटीवर सापडला नाही तरी वहीत हवा. ५ डिसेंबर १९४३ रोजी जपानी विमानांनी दिवसाढवळ्या खिदिरपूर गोदीवर बॉम्ब टाकले. शेकडो माणसे मेली. त्यांत मोठा भाग गोदी कामगारांचा होता. ते वर्ष बंगालच्या दुष्काळाचे होते. युद्धाचा माल उतरवण्यासाठी गोदी चालू ठेवणे सरकारला अत्यावश्यक होते, आणि बाहेर रस्त्यांवर माणसे भुकेने मरत होती. या दोन गोष्टी एकाच शहरात, एकाच महिन्यात घडत होत्या. इतिहासाच्या पुस्तकांत युद्ध एका प्रकरणात आणि दुष्काळ दुसऱ्या प्रकरणात येतो. खिदिरपूरमध्ये ती प्रकरणे वेगळी करता येत नाहीत.

५. निघून गेलेली माणसे

*पाचवा थांबा: सुरिनाम घाट.* गार्डन रीचच्या नदीकाठी एक छोटा घाट आहे. तिथे 'माई-बाप' हे स्मारक आहे: गाठोडे घेऊन निघालेले एक स्त्री-पुरुषाचे जोडपे. दक्षिण अमेरिकेतील सुरिनामची राजधानी पारामारिबो येथील पुतळ्याची ही प्रतिकृती असून तिचे अनावरण २०१५ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या हस्ते झाले. पाहायला पाच मिनिटे पुरतात. समजून घ्यायला मात्र तयारी लागते.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. पाच वर्षांच्या कराराने हिंदुस्थानी मजूर पाठवायची पद्धत सुरू झाली. कराराच्या 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि माणसे गिरमिटिया झाली. 'अ‍ॅटलस' हे जहाज कलकत्त्याहून निघालेले मजूर घेऊन २ नोव्हेंबर १८३४ रोजी मॉरिशसला पोचले. १८३८ च्या जानेवारीत 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही जहाजे कलकत्त्याहून ब्रिटिश गयानाला निघाली. १८७३ मध्ये 'लल्ला रूख' सुमारे चारशे माणसे घेऊन कलकत्त्याहून निघाले आणि ५ जून रोजी सुरिनामला लागले. पुढे सुरिनामला सुमारे ३४ हजार, त्रिनिदादला सुमारे १ लाख ४४ हजार आणि ब्रिटिश गयानाला सुमारे २ लाख ३९ हजार हिंदुस्थानी मजूर गेले. त्यांतील बहुसंख्य कलकत्त्याहून गेले. भरती १९१७ मध्ये थांबली.

भोजपुरी, अवधी मुलखातून आलेल्या या माणसांना जहाज मिळेपर्यंत गार्डन रीच आणि भवानीपूर भागातील डेपोंमध्ये ठेवत. तिथे वैद्यकीय तपासणी होई, कागद तयार होत आणि एकमेकांना न ओळखणारी माणसे 'जहाजी भाई' होत. कॅरिबियन बेटांवर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्यांना 'कलकतिया' म्हणत. त्यांतील फार थोडी माणसे कलकत्त्याची होती. ज्या बंदरातून निघाले ते बंदरच त्यांच्या नावाला चिकटले.

इथे कालक्रमाची एक तपासणी करा. 'हे लोक खिदिरपूर गोदीतून गेले' असे वाक्य तुम्हाला वाचायला मिळेल. गोदी १८९२ मध्ये सुरू झाली. 'लल्ला रूख' १८७३ चे. तेव्हा त्या जहाजातली माणसे गोदीतून गेलेली नाहीत. ती नदीकाठच्या घाटावरून गेली. चूक छोटी वाटेल, पण तिच्यामुळे भेटीची जागाच बदलते. त्या माणसांना शोधायचे तर गोदीच्या भिंतीकडे पाठ करून नदीकडे तोंड करावे लागते.

मग या लोकांचा माग कुठे आहे? कागदांत. प्रत्येक मजुराच्या प्रवासी परवान्यावर नाव, वडिलांचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरची खूण लिहिलेली असे. सुरिनाम, गयाना, मॉरिशस इथल्या अभिलेखागारांत अशा नोंदी जपल्या आहेत. त्यांच्या आधारे चौथ्या-पाचव्या पिढीतील माणसे आज बिहार, उत्तर प्रदेशातील आपले गाव शोधत येतात. राजाचे नाव देवळावर आहे, कर्नलचे मोहल्ल्याला आहे. या माणसांची नावे सात समुद्रांपलीकडच्या नोंदवहीत आहेत.

हा इतिहास केवळ उत्तर हिंदुस्थानचा नाही. मॉरिशसमधील मराठी समाजाचे पूर्वज अशाच करारावर मुंबई बंदरातून गेले. मॉरिशसमधील आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. उतरण्याच्या टोकाला जागतिक वारसा आणि चढण्याच्या टोकाला एक छोटा पुतळा, हा फरक का पडला असावा, यावर वर्गात चर्चा करा.

करारावरील मजुरांखेरीज खलाशीही होते. बोटींवर कोळसा टाकणारे, डेक धुणारे, स्वयंपाक करणारे हे लोक मोठ्या प्रमाणात सिल्हेट आणि पूर्व बंगालमधून येत. खिदिरपुरातील खानावळवजा घरांत राहून ते पुढच्या जहाजाची वाट पाहत. मुंबईत हेच काम रत्नागिरीकडच्या खलाशांनी केले. ब्रिटनमध्ये 'इंडियन' म्हणून ओळखली जाणारी कितीतरी उपाहारगृहे सिल्हेटी लोकांनी काढली. त्या कहाणीचे एक मूळ या गल्ल्यांत आहे.

६. आलेला नवाब

*सहावा थांबा: मेटियाब्रुज.* खिदिरपूरपासून नदीच्या काठाने पुढे गेले की मेटियाब्रुज येते. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केल्यावर नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला आले. १८५७ च्या उठावात त्यांना फोर्ट विल्यममध्ये नजरकैदेत ठेवले. सुटकेनंतर त्यांनी इथे दुसरे लखनौ वसवले: संगीत, कथक, पतंग, प्राणिसंग्रह, इमामबाडा. १८८७ मध्ये ते वारले. सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांची कबर आहे. जाताना पादत्राणे बाहेर ठेवावीत, आत बोलणे कमी असावे आणि फोटोसाठी विचारावे. मोहरमच्या दिवसांत ही श्रद्धेची जागा असते हे ध्यानात घ्यावे. कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा आला तो नवाबाच्या गरिबीमुळे, अशी लोकप्रिय कथा आहे. ती चवीने ऐका, आणि 'अनुमान' रकान्यात लिहा.

याच पट्ट्यात गार्डन रीचला दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. ही पूर्वीची बंगाल नागपूर रेल्वे. नागपूरच्या वाचकांनी या नावातला 'नागपूर' पाहून घ्यावा. मध्य हिंदुस्थानातील माल बंदरापर्यंत आणण्यासाठी ज्या रेल्वेमार्गांनी देश विणला गेला, त्यांतला हा एक.

७. प्रत्यक्ष आखणी

१. ऋतू: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात या सखल भागात पाणी साचते.

२. वेळ: पूर्ण एक दिवस. सकाळी टॉलीचा नाला, वॉटगंज आणि भूकैलास. दुपारी पूल आणि गोदी. उन्हे उतरताना सुरिनाम घाट. मेटियाब्रुजसाठी जमल्यास दुसरा अर्धा दिवस ठेवा.

३. भरती: त्या दिवशीची भरती-ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवा. एकाच घाटावर दोनदा जा, भरतीला आणि ओहोटीला. गोदी का बांधली हे त्या दोन भेटींत कळेल.

४. वाहतूक: खिदिरपूर हे कोलकात्याच्या चक्ररेल्वेवरचे स्थानक आहे. बस भरपूर. एस्प्लनेडहून मैदानातून येणारी ट्राम २०२० च्या अम्फान वादळानंतर बंद पडली, त्यामुळे तिच्या भरवशावर बेत करू नये.

५. साहित्य: एक जुना आणि एक नवा नकाशा, वही, दोन रकाने.

६. माणसे: फॅन्सी मार्केटमधील दुकानदार, निवृत्त खलाशी, गोदी कामगार यांच्याशी बोलायचे तर आधी परवानगी घ्या. आयातीवर निर्बंध होते त्या काळात परदेशी वस्तूंसाठी हा बाजार ओळखला जाई. जहाजे आणि शहर यांचे नाते कागदाबाहेरही कसे चालते, हे अशा गप्पांत कळते. वस्तीत चालताना आपण कोणाच्या तरी दारासमोरून चाललो आहोत हे भान असावे.

८. समारोप

खिदिरपूरच्या या सहा थांब्यांपैकी तीन ठिकाणी डोळ्यांना भरपूर दिसते: भूकैलास, पूल आणि इमामबाडा. उरलेल्या तीन ठिकाणी, म्हणजे नाल्यावर, वॉटगंजला आणि सुरिनाम घाटावर, जवळपास काहीच दिसत नाही. तरी भेटीचा अर्धा वेळ त्या तीन जागांना द्या. जिथे पाहण्यासारखे कमी आहे तिथे विचारण्यासारखे जास्त आहे. आणि निघण्यापूर्वी घाटावरून एकदा खाली, समुद्राच्या दिशेने पाहा. इथून गेलेल्या बहुतेकांनी हे शहर याच बाजूने शेवटचे पाहिले, आणि त्यातले कितीतरी परत आले नाहीत.

स्वाध्याय

१. 'किडरपोर' नावाच्या व्युत्पत्तीच्या उदाहरणावरून पुरावा आणि अनुमान यांतील फरक स्पष्ट करा.

२. भरती-ओहोटी असलेल्या नदीत बंदिस्त गोदीची गरज का भासते? आकृतीसह लिहा.

३. 'लल्ला रूखचे प्रवासी खिदिरपूर गोदीतून गेले' हे विधान तपासा.

४. मुंबई आणि कोलकाता या बंदरांतून झालेल्या करारबद्ध मजुरांच्या स्थलांतराची तुलना करा.

५. तुमच्या गावातील किंवा शहरातील एका अशा जागेची अभ्यासभेट आखा, जी कुठल्याही पर्यटन यादीत नाही: बस आगार, बंद गिरणी, बाजार समिती, धरणग्रस्तांची वसाहत. सहा थांबे ठरवा. त्यातल्या निदान दोन थांब्यांवर 'पाहण्यासारखे' काहीही नसावे. तिथे कोणता कागद किंवा कोणता माणूस तुम्हाला उत्तर देईल, ते लिहा.